सगुणाकाकूचं दार

"दार लावून घेतलं की हो तिनं," टोपी सरळ करत त्या गृहस्थांनी फोन माझ्यापुढे धरला. "मी काय वाईट बोललो?"

स्क्रीनवर खरंच बंद दार होतं. वर आंब्याच्या पानांचं तोरण, बाजूला पाण्याचा रांजण, आणि खाली अक्षरं: सगुणाकाकू आत गेली.

"तुम्ही कुठलं बटण दाबलंत?"

"नकोचं. पाऊल टाकल्या टाकल्या कुणी भाकरी मागून घेतो होय?"

मी पुढच्या खुर्चीकडे गेले. तिथे एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्याही फोनवर तेच दार. त्यांच्या शेजारी कॉलेजची दोन मुलं, त्यांच्या मागे औषधदुकानवाले, त्यांच्या पत्नी. सगळ्यांचं दार बंद. विश्रामबागेतल्या मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये आम्ही सांगली-मिरजेची माणसं आमचा गेम खेळून बघायला बोलावली होती, आणि ती सगळीच्या सगळी पहिल्या गावातल्या पहिल्या घराबाहेर उपाशी उभी होती.

मला खरं तर सकाळीच अंदाज यायला हवा होता. चहाचं मीच बघत होते. आल्या आल्या प्रत्येकानं "नको नको, आत्ताच झाला" म्हटलं होतं आणि नंतर किटली रिकामी झाली होती.

मी शैला मगदूम. या कंपनीत हिशेब, भाडं, चहा आणि रुसवेफुगवे असं चारही बघायची. पहिल्या तीन गोष्टींचा पगार मिळे, चौथी पदरमोड. कोण किती बोलतो आणि त्यातलं खरं किती, याचं खातं ठेवायची सवय मला बँकेतल्या नोकरीपासूनची. काहींचं बोलणं रोखीचं असतं, काहींचं उधारीवर चालतं.

गेमचं नाव होतं 'बारा वाड्या'. ऑनलाइन. आपण आपल्या पसंतीचं पात्र घ्यायचं, धनगर, कासारीण, वैदू, हेर, काय हवं ते, आणि दुसऱ्या शेकडो खेळणाऱ्यांबरोबर जुन्या काळातल्या एका मुलखात हिंडायचं. वाटेत जो भेटेल त्याच्याशी बोलायचं. बोलायचं म्हणजे स्क्रीनवर जी उत्तरं येतील त्यातलं एक निवडायचं. पहिल्याच गावात सगुणाकाकू भेटते, "जेवून जा" म्हणते. जेवलं की कंदील देते. कंदील नसेल तर घाटातलं रान ओलांडता येत नाही आणि गेम तिथेच संपतो.

"कोडमध्ये काही चूक नाही," रुबीना लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. रुबीना मुजावर मिरजेची, आमची प्रोग्रामर. "हो म्हटलं की वाढते. नको म्हटलं की आत जाते. निघतो म्हटलं की रस्ता. लोक नको का म्हणतायत ते मला विचारू नका."

"भाकरी आवडत नाही का लोकांना?" निहार म्हणाला. "पुलाव ठेवू या का?"

निहार बेडकिहाळे आमचा मालक. वय तिशीच्या आत, वाढलेला पुण्यात, आई-वडील दोघं डॉक्टर. मुलगा सरळ, कष्टाळू, कुणाला दुखवायचा नाही. त्याच्या घरी म्हणे ज्याला भूक लागेल तो उठून वाढून घेत असे. त्याच्या खात्यात मी तेव्हा फक्त जमाच लिहिली होती.

मागच्या भिंतीला टेकून भूपालअण्णा बसले होते. चेहऱ्यावर पैज जिंकलेल्या माणसाचं समाधान, आणि ते लपवायचा त्यांनी काडीचा प्रयत्न केला नाही.

"बोला अण्णा," निहार म्हणाला. "तुम्हाला बोलायचंय ते दिसतंय."

"मी कशाला बोलू? मला तरी कुठे तीनपेक्षा जास्त उत्तरं आहेत. हो, नको, निघतो. निघतो."

आणि खरंच निघाले. जिन्यापर्यंत जाऊन परत आले, कारण टिफिन विसरला होता.

*

भूपाल उपाध्ये. आयुष्यभर आकाशवाणीला श्रुतिका लिहिल्या, हौशी नाटकं बसवली. गेममधल्या पात्रांचे संवाद लिहायला निहारनं त्यांना घेतलं होतं. अण्णा गुणी होते, आणि ते त्यांना पूर्ण ठाऊक होतं. मी त्यांना एकदा 'बरं लिहिलंय' म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

त्यांनी सगुणाकाकूच्या दारात प्रत्येक पात्राला वेगळी उत्तरं दिली होती. एकेकाला सहा-सात. निहारनं त्यांची तीन केली, आणि तीही सगळ्यांना सारखीच. तेव्हापासून आमच्याकडे दर बैठकीत हेच भांडण. विषय सर्व्हरचा असो नाहीतर पंख्याचा, शेवटी गाडी सगुणाकाकूच्या दारात.

टेस्टिंगच्या दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

"धनगर, कासारीण, वैदू, हेर," अण्णा बोटांवर मोजत म्हणाले, "चौघांच्या तोंडी एकच 'हो'. मग पागोटी तरी वेगवेगळी कशाला चढवलीत त्यांना?"

"अण्णा, एक उत्तर वाढलं की त्याला काकूचं उत्तर लागतं. त्याला परत पात्राची उत्तरं. फाट्याला फाटे."

"माझं लग्न राहील अण्णा, तुमचे फाटे बांधता बांधता," रुबीना म्हणाली.

"तुझ्या लग्नात मी स्वतः वाढायला उभा राहीन. पण हेर परक्याच्या घरी 'हो, वाढा' म्हणेल का? तो खाणारच नाही, आणि नाही असंही म्हणणार नाही. म्हणेल, पोटात जरा गडबड आहे, पाणी चालेल. कासारीण म्हणेल, आधी हात पुढं कर काकू, बांगड्या भरू, मग भाकरीचं बघू. आणि धनगर उंबरा ओलांडायचा नाही. दारातच टेकतो, मेंढरं एकटी हायती, असं म्हणेल. त्याला बाहेर नेऊन द्यायची भाकरी."

"लोक एवढं वाचत नाहीत अण्णा."

"वाचत नाहीत तर 'नको' कसं वाचलं सगळ्यांनी?"

यावर निहारनं उपाय काढला. त्यानं दाराशेजारी एक पाटी लावायची ठरवली: पुढे जाण्यासाठी 'हो' म्हणा.

"पंगतीत पण पाटी लावाल," अण्णा म्हणाले. "कृपया जेवावे."

पाटी लागली. त्या टोपीवाल्या गृहस्थांना आणि त्या निवृत्त शिक्षिकाबाईंना आम्ही ऑफिसात पुन्हा बोलावलं. दोघांनी पाटी मोठ्यानं वाचली आणि दोघांनी 'नको' दाबलं.

"अहो, लिहिलंय ना तिथे," निहार म्हणाला.

"लिहिलंय खरं," बाई म्हणाल्या, "पण बरं दिसत नाही."

निहारनं कपाळाला हात लावला. मी त्यांना चहा विचारला. नको म्हणाल्या. मी आणला. घेतला. हे सगळं निहारच्या डोळ्यांसमोर घडलं आणि त्याच्या डोक्यावरून गेलं.

*

आता यात अण्णांचं काय अडकलं होतं ते सांगते.

दुपारी जेवणं झाली की अण्णा माझ्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसत. पत्नी जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा अजित हैदराबादला. वडिलांना घेऊन जायला टपलेला.

"चौदावा मजला," अण्णा एकदा मला म्हणाले होते. "लिफ्टमध्ये सगळे छताकडे बघतात. बोलायचं कुणाशी? सून चांगली आहे, हीच तर पंचाईत. वाईट असती तर भांडायला तरी मिळालं असतं."

"मग सांगा ना त्याला, येत नाही म्हणून."

"सांगतो की. इथं काम आहे म्हणतो. कामाचं नाव काढलं की गप्प बसतो. काम संपलं की मात्र गाडी घेऊन दारात उभा राहील. आणि तो आग्रहाला पक्का आहे. माझ्यावर गेलाय."

आणि काम संपत आलं होतं. पहिल्या भागाचा अण्णांचा करार महिनाअखेरीला पुरा होत होता. दुसरा भाग, घाटापलीकडच्या वाड्यांचा, निहार सुरू करणार होता, आणि त्याला लिहिणारा एकच माणूस ठेवायचा होता.

"मला अण्णाच हवेत," निहार मला म्हणाला. "भांडतात, पण त्यांच्यासारखं कोण लिहिणार? ते हो म्हणाले की लगेच कागद करू या."

मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी भडंगाची पुडी आणून सगळ्यांना वाटली. देणारा द्यायला तयार, घेणारा घ्यायला तयार. यात बिघडण्यासारखं काय होतं?

अण्णांना आत बोलावलं तेव्हा मीही तिथेच होते, काखेत फाईल घेऊन.

"अण्णा, दुसऱ्या भागाचं लिखाण आहे. कराल का? मोकळेपणानं सांगा. काही दडपण नाही."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसायला घेतला. गडी खूश होता, मला कान लाल झालेले दिसत होते.

"छे छे. मी कसला आता? गुडघे बोलायला लागलेत. कुणी तरुण बघा."

निहारचा चेहरा पडला. पण तो सरळ बसला आणि फार आदरानं म्हणाला, "बरं अण्णा. तुमच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही."

अण्णांचे हात थांबले. चष्मा पुसून झाला नव्हता, तसाच डोळ्यांवर गेला.

मी काखेतली फाईल पाडली. आवाज चांगला झाला, पण उपयोग काही झाला नाही. दोघंही वाकून मला कागद गोळा करून द्यायला लागले.

*

"ते नको म्हणाले नाहीत," अण्णा बाहेर गेल्यावर मी निहारला म्हणाले.

"ताई, मी इथेच होतो. नको म्हणाले."

"म्हणाले, पण म्हणाले नाहीत. तू परत विचारायचं होतंस."

"म्हणजे ते हो म्हणाले?"

"हो पण म्हणाले नाहीत."

"मग काय म्हणाले?"

"छे छे म्हणाले."

निहारनं माझ्याकडे असं बघितलं जसं तो त्या पाटी वाचूनही 'नको' दाबणाऱ्या बाईंकडे बघत होता. मी तडक अण्णांकडे गेले. ते टेबलाचा खण आवरत होते. भरलेला खण माणूस उगीच आवरत नाही.

"तुम्हाला राहायचंय ना?"

"विचारायची एक रीत असते शैला. एकदा विचारतात ती चौकशी. भाजीवाला पण विचारतो, मेथी घेणार का."

"मी जाऊन सांगते त्याला."

"खबरदार. माझ्या वतीनं ताट मागायला गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस."

मी गेलेच. निहारला म्हटलं, बाकी काही नको, फक्त आणखी एकदा विचार. तो बिचारा उठला. ऐन चहाच्या वेळी, रुबीना बशीत बिस्किटं काढत असताना, सगळ्यांसमोर अण्णांपुढे जाऊन उभा राहिला.

"अण्णा, पुन्हा एकदा विचारतो. दुसरा भाग कराल का?"

त्याच्या आवाजात हेच होतं की मला पाठवलंय. अण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"शैलानं पाठवलं वाटतं. नको रे बाबा. दुसरं कुणी बघ."

"ओके अण्णा."

निहार माझ्याकडे वळला आणि खांदे उडवले. मी माझा कप घेऊन गच्चीत गेले. दोन शहाण्यांच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा दोन रेड्यांच्या मध्ये उभं राहणं बरं. रेडे निदान एकमेकांना मान देत नाहीत.

*

सगुणाकाकूचं दार उघडलं ते रुबीनानं.

"आमच्याकडे ईदला या," ती निहारला म्हणाली. "शीरखुर्म्याची दुसरी वाटी नको म्हणून बघा. नको ऐकून कुणी वाटी मागे घेतली तर अम्मी त्याला घरात घेणार नाही. लोकांचं काही चुकत नाहीय. तुमची काकूच उद्धट आहे. एका 'नको'ला दार लावते."

निहार खुर्चीतून उठला. "म्हणजे काकूनं परत विचारायचं."

"परत, आणि परत. आणि दर वेळी त्या त्या पात्राला नको म्हणायची त्याची त्याची रीत द्यायची. अण्णांनी लिहिलेली. फाटे मी बांधते. लग्न राहू दे."

अण्णांनी जुनं बाड काढलं आणि पुन्हा नव्यानं लिहिलं. तो आठवडा फार चांगला गेला, म्हणूनच मला त्याचा राग येतो. रुबीना आणि अण्णा शेजारी बसून हसत होते. वैदू भाकरीला नको म्हणत होता आणि काकूला म्हणत होता, "चुलीवर भाजलाय तो हात दाखव आधी." हेर पाण्याचा तांब्या घेऊन आधी मांजराला पाजत होता. कासारीण दर नकोबरोबर काकूच्या हातात एकेक बांगडी चढवत होती, आणि शेवटी काकूलाच जेवू घातल्याशिवाय राहवत नसे. आणि ज्याला खरंच जेवायचं नाही त्याच्यासाठी अण्णांनी वेगळं उत्तर ठेवलं होतं. तिसऱ्या नकोनंतर काकू हात जोडते, शिदोरी बांधून देते, आणि कंदील त्या गाठोड्यावर ठेवते. नाही म्हणणाऱ्याचीही वाट अडत नाही.

पुन्हा माणसं बोलावली. पुन्हा तोच हॉल, तीच किटली. टोपीवाल्या गृहस्थांनी धनगर घेतला होता. काकूनं तिसऱ्यांदा "असं उपाशी पाठवू होय रे तुला?" म्हटलं, तेव्हा ते खुर्चीत नीट मांडी घालून बसले.

"आता कसं," म्हणाले, आणि बटण दाबलं.

हॉलभर कंदील लागले. पुढे तो गेम दोन-अडीच वर्षं चालला, मग बंद पडला, आज कुणाला नावही सांगता यायचं नाही. पण ज्यांनी खेळला त्यांना काकूचं दार आठवतं. अजून कुणीतरी बाजारात भेटलं की विचारतं, ती आग्रह करणारी बाई तुमच्याच गेममधली ना?

निहार तर हर्षभरित झाला होता. ऑफिसात येऊन त्यानं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पहिलं नको म्हणजे रीत. दुसरं नको म्हणजे अंदाज घेणं. तिसऱ्यांदा विचारा, मग खरं कळेल. त्याचा फोटो काढून त्यानं पुण्याच्या गुंतवणूकदारांना पाठवला. फोनवर अर्धा तास त्यांना समजावत होता की मराठी माणूस कसा बोलतो.

तो फळा अण्णांच्या टेबलाच्या बरोबर वर होता. अण्णा त्याच्याखाली बसून खण आवरत होते.

फोन ठेवून निहार त्यांच्याकडेच आला. मी हातातलं काम थांबवलं. रुबीनानं कानातले इअरफोन काढले. अण्णांनी चष्मा उतरवला, पुसायला घेतला.

"अण्णा," निहार म्हणाला, "तुम्ही नसता तर हे झालंच नसतं."

"हं."

"खरंच सांगतो."

"हं."

अण्णा चष्मा पुसत राहिले. निहार उभा राहिला. मी मनात म्हणत होते, विचार. फळा डोक्यावर आहे, वाच आणि विचार.

"हैदराबादला कधी निघताय?" त्यानं विचारलं.

*

त्या दिवशी मी निहारशी भांडले. आवाज चढवून नाही, पण भांडले.

"फळ्यावर काय लिहिलंयस ते वाच."

"मीच लिहिलंय ताई."

"अण्णांना दोनदाच विचारलंयस."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं पेटला दिवा. पण त्यानं खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला आणि शांतपणे म्हणाला, "तो खेळ आहे ताई. तिथे आपल्याला माहीत असतं की पाहुण्याला भूक आहे. अण्णांना खरंच मुलाकडे जायचं असेल तर? वय झालंय, एकटे आहेत, मुलगा बोलावतोय. मी माझ्या कामासाठी त्यांना भीड घालायची? माझ्या आजोबांना त्यांच्या भागीदारानं असंच अडवून ठेवलं होतं. शेवटपर्यंत घरी येऊ दिलं नाही."

"त्यांना राहायचंय. मी सांगते तुला."

"मग त्यांनी सांगावं. एक शब्द. मी आत्ता कागद करतो."

सून चांगली असण्याची अण्णांची पंचाईत मला तेव्हा समजली. चांगुलपणाशी भांडता येत नाही.

मग मी अण्णांकडे गेले. ते ऑफिसबाहेरच्या कट्ट्यावर रिक्षाची वाट बघत बसले होते, टिफिन मांडीवर.

"तो म्हणतो, अण्णांनी एक शब्द सांगावा."

"मी? तोंडानं? मला ठेवून घ्या म्हणून?"

"हो. त्यात काय जातं तुमचं?"

"काय जातं ते तुला ठाऊक आहे म्हणून तू त्याच्याकडे आधी गेलीस."

"अण्णा, त्या धनगराला सात उत्तरं लिहून दिलीत. हेराला दिलीत, कासारणीला दिलीत. स्वतःला एकच ठेवलंत?"

रिक्षा आली. अण्णांनी टिफिन उचलला, एक हात गुडघ्यावर ठेवून उठले.

"पात्राला लिहून देणारा कुणीतरी असतो शैला," म्हणाले. आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालायला लागले. त्या वादात त्यांना शब्द सापडत होते.

*

निरोपाच्या दिवशी अजित गाडी घेऊन आला. मुलगा खरंच चांगला. सामान स्वतः उतरवत होता, सगळ्यांना नमस्कार करत होता.

"तुमचे आभार," तो निहारला म्हणाला. "तीन वर्षं मागे लागलोय मी. दर रविवारी विचारतो. दर रविवारी नको म्हणतात. मी काही सोडलं नाही."

निहारनं माझ्याकडे बघितलं, बघितलंत ना ताई, अशा नजरेनं. अण्णांना जायचंच होतं, हे त्याचंच खरं ठरलं असं त्याला वाटलं.

रुबीना अण्णांजवळ गेली. तिचे डोळे भरले होते. "लग्नात वाढायला येणार होतात."

"बोलाव तर खरं," अण्णा म्हणाले. "एकदाच बोलावू नकोस म्हणजे झालं."

ती हसली. मी खाली बघितलं.

मग निहारनं नरसोबाच्या वाडीहून मुद्दाम मागवलेली कवठाची बर्फी काढली. पुडा उघडून स्वतः अण्णांसमोर धरला.

"अण्णा, बर्फी."

"नको रे. गोड कमी केलंय."

निहारनं पुडा मागे घेतला नाही. मला आश्चर्य वाटलं.

"घ्या हो. एक वडी."

"नको म्हणतोय ना."

निहारची नजर फळ्याकडे गेली. अक्षरं अजून पुसली नव्हती. तो एक पाऊल पुढे झाला, वाकला, आणि मी इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाला, "असं नका करू अण्णा. तुम्ही नाही घेतलीत तर मला बरं वाटणार नाही. माझ्यासाठी घ्या."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. कान लाल झाले होते. मग हळूच हात पुढे करून त्यांनी वडी उचलली.

निहार सरळ झाला आणि माझ्याकडे वळून हसला. पाढा न अडखळता म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखा.

"पप्पा, निघू या?" अजित म्हणाला.

अण्णांनी अख्खी वडी तोंडात टाकली आणि मान हलवली. कवठाची बर्फी जिभेवर ठेवली की विरघळते, चावावी लागत नाही. अण्णा जिना उतरून गाडीत बसेपर्यंत ती चावत होते.